पायाखालचा लॉकहीड

भडगावहून पाचोऱ्याच्या रस्त्याला लागावे, तर एखाद्या गॅरेजपुढे जीप किंवा टेम्पो हमखास उभा दिसतो. मिस्त्री मागच्या चाकाशी पोत्यावर आडवा झालेला असतो आणि स्टिअरिंगमागे एखादा शिकाऊ पोरगा बसलेला असतो. खालून हुकूम सुटतात. मार, मार, मार, धर. पोरगा ब्रेकचे पेडल भराभर मारतो आणि शेवटी दाबून धरतो. खाली मिस्त्री पान्याने निपल किंचित ढिले करतो. फसफसत बुडबुडे येतात, मागोमाग ब्रेक ऑइलची पिचकारी उडते. निपल पुन्हा आवळले जाते आणि मग हुकूम येतो, सोड. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांशी हा प्रकार होतो. याला ब्रेकची हवा काढणे म्हणतात आणि यात विशेष काही आहे असे गॅरेजमध्ये कुणालाच वाटत नाही.

पण ज्या माणसामुळे ही धर-सोड जगभरच्या गॅरेजांत पोहोचली, त्याचे आडनाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. फक्त ते ठाऊक आहे विमानांमुळे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, त्याचे नाव मलबार प्रिन्सेस आणि बनावट लॉकहीडची. आज आपल्या हवाई दलात असलेली सी-१३० जे ही अवजड मालवाहू विमानेही त्याच घराण्यातली. हा लॉकहीड कोण, असे विचारले तर जाणकार ॲलन लॉकहीडचे नाव सांगतील. त्यात चूक नाही. मात्र ॲलनचा थोरला भाऊ माल्कम विमानांच्या धंद्यातून लवकर बाहेर पडला आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्याने एका पेडलपायी घालवली. धाकट्याचे नाव आकाशात गेले. थोरल्याचे आपल्या पायाखाली राहिले. आज त्या थोरल्याची गोष्ट.

फळबागेतली शाळा

कॅलिफोर्नियातल्या या घराची खरी कर्ती होती आई. फ्लोराबाई लेखिका होत्या, वर्तमानपत्रात लिहीत, कादंबऱ्या लिहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका बाईने लेखणीवर घर चालवायचे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकांना सहज येईल. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यावर मुलांना घेऊन त्या डोंगराळ भागातल्या अल्मा नावाच्या गावाजवळ एका फळबागेत राहायला गेल्या. मुलांना त्या घरीच शिकवीत. औपचारिक शिक्षण म्हणाल तर धाकटा ॲलन प्राथमिक शाळेपलीकडे गेला नाही. तो १८८९ सालचा. माल्कम त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. या दोघांहून मोठा सावत्र भाऊ व्हिक्टर पुढे अभियंता झाला आणि १९०९ मध्ये त्याने विमानविद्येवर एक जाडजूड ग्रंथही लिहिला.

शाळा नव्हती, पण हाताला काम होते. मळ्यावर मोडलेली वस्तू आपणच दुरुस्त करायची असते, हे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. मोटेचे चाक असो की पंपाचा व्हॉल्व्ह, ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि एकदा उघडले की ते परत जोडावेच लागते. माल्कमची विद्या ही अशी होती. कागदावरून हाताकडे न येता ती हाताकडून कागदाकडे गेली.

१९०४ मध्ये, अजून विशीही न गाठलेला माल्कम सॅन फ्रान्सिस्कोला व्हाइट नावाच्या मोटारकंपनीत मिस्त्री म्हणून लागला. त्या वेळी या मोटारी वाफेवर चालत. दोन वर्षांनी ॲलनही शहरात आला, मिस्त्रीकाम करू लागला आणि शर्यतीच्या मोटारीही हाकू लागला. एक भाऊ गाडी पळवणारा, दुसरा गाडी उघडून बघणारा, अशी ही जोडी होती.

आकाशातले दिवस

राइट बंधूंनी १९०३ मध्ये उड्डाण केल्यावर अमेरिकेतल्या प्रत्येक हुशार मिस्त्रीला आपणही विमान बांधू शकू असे वाटू लागले होते. या भावांनी ते खरेच बांधले. एका टॅक्सीकंपनीच्या मालकाकडून भांडवल मिळवले आणि दिवसा नोकरी करून उरल्या वेळात काम केले. १५ जून १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरून त्यांचे पाण्यावर उतरणारे विमान उडाले. ॲलन एक फेरी मारून आला, मग त्याने माल्कमला बसवले आणि पुन्हा उडाला. धाकट्याने थोरल्याला घडवलेली ही पहिली सैर.

पण विमान उडाले म्हणून पोट भरत नाही. एका अपघातानंतर भांडवलदाराने विमान आपल्या ताब्यात ठेवले. हे दोघे भाऊ चक्क सोने शोधायला डोंगरात गेले आणि रिकाम्या हाताने परतले. दुसऱ्या एका स्नेह्याच्या मदतीने त्यांनी विमान सोडवून घेतले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा दहा डॉलरचे तिकीट लावून त्यांनी सुमारे सहाशे माणसांना खाडीवरून फिरवून आणले. आपल्याकडच्या जत्रेतल्या पाळण्याचाच हा धंदा, फक्त पाळण्याला पंख होते.

त्या पैशाच्या बळावर १९१६ मध्ये सँटा बार्बरा या समुद्रकाठच्या गावात त्यांनी विमानांचा कारखाना काढला. दहा माणसे बसतील एवढी उडती बोट बांधली. पुढे स्वतः विमाननिर्माता म्हणून गाजलेला जॅक नॉर्थ्रप तेव्हा तरुण होता, तो इथेच कामाला होता. मग पहिले महायुद्ध संपले. लष्कराने हजारो विमाने मोडीच्या भावात विकायला काढली आणि नव्या विमानांना गिऱ्हाईक उरले नाही. १९२१ मध्ये कारखाना बंद पडला. माल्कम त्याच्या आधीच, १९१९ च्या सुमारास, बाहेर पडला होता. त्याच्या डोक्यात वेगळेच चक्र फिरत होते. विमान उडवणारे पुष्कळ होते. जमिनीवरच्या लाखो मोटारी नीट थांबवणारा मात्र कुणी नव्हता.

नळीतला न्याय

त्या काळच्या मोटारीला थांबवणे म्हणजे काय प्रकार होता, हे आज समजणे कठीण आहे. पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या, साखळ्या किंवा तारा गेलेल्या असत. बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. फोर्डच्या गाजलेल्या मॉडेल टीमध्ये तर पायाचा ब्रेक चाकावर नसून गिअरच्या पेटीत होता. पुढची चाके वळतात, त्यामुळे तिथपर्यंत सळी नेणे अवघड. शिवाय पुढे ब्रेक लावला तर गाडी तोंडावर उलटेल, अशी भीती जाणत्या लोकांनाही वाटे.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धावती गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो. बसने करकचून ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर आदळतो, तसेच गाडीच्या वजनाचेही होते. भार पुढे गेला की पुढच्या चाकांची पकड वाढते, मागच्यांची कमी होते. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकांत, आणि तिथेच ब्रेक नाही! त्यात सळ्यांची खोड वेगळीच. एक सळी सैल, एक ताणलेली, की एक चाक आधी धरणार आणि दुसरे मागाहून. गाडी रस्त्यात आडवी होणार. बैलजोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा अडतो तेव्हा गाडीचे जे होते, तेच हे. गॅरेजात काम केलेल्या माल्कमला या सळ्यांचे दुखणे चांगलेच माहीत होते.

त्याने सळ्यांच्या जागी नळी टाकली आणि नळीत द्रव भरला. १९१७ साली त्याला या ब्रेकचे पेटंट मिळाले. तत्त्व नवे नव्हते. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगून ठेवले होते आणि आपण ते शाळेत पाठही केले होते. माल्कमने ते मोटारीला बांधले. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव ढकलतो. तो दाब नळ्यांतून चारही चाकांशी एकाच वेळी, एकाच प्रमाणात जातो. तिथले छोटे दट्टे ब्रेकचे पट्टे ड्रमवर दाबतात. एका चाकाचा पट्टा झिजलेला असला, तरी द्रव तिथे थोडा जास्त जातो आणि दाब सारखा राहतो. चाके वळोत, उसळोत, नळी त्यांच्याबरोबर वाकते. माणसांच्या घरातसुद्धा इतकी निःपक्षपाती वाटणी क्वचितच होते.

आता सुरुवातीच्या त्या बुडबुड्यांचे रहस्य कळेल. द्रव दाबाने आकसत नाही, म्हणून तो पायाचा जोर जसाच्या तसा पोहोचवतो. हवा आकसते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पाय त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, पेडल स्पंजासारखे लागते आणि चाकाला काही कळतच नाही. मिस्त्री हवा काढतो म्हणजे पायाचा शब्द चाकापर्यंत न अडखळता पोहोचेल अशी वाट मोकळी करतो.

शर्यतीने दिलेले प्रशस्तिपत्र

शोध लागणे वेगळे आणि तो विकला जाणे वेगळे. माल्कमने डेट्रॉइट या मोटारींच्या पंढरीची वाट धरली आणि ब्रेकची कंपनी काढली. पायाच्या जोरावर दोन टनांची गाडी पातळ पदार्थाने थांबते, यावर कारखानदारांचा विश्वास बसेना. नळी फुटली तर काय, ही त्यांची शंका रास्तही होती. तिचे खरे उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळाले. पुढे ब्रेकची व्यवस्था दोन स्वतंत्र भागांत विभागली गेली, एक फुटली तरी दुसरी काम करते.

विश्वास दिला तो शर्यतीने. ड्यूसेनबर्ग नावाचे दोन भाऊ शर्यतीच्या मोटारी बांधत. द्रवाच्या ब्रेकवर त्यांनीही आपल्या परीने काम केले होते. पेटंट मात्र माल्कमचे होते. जुलै १९२१ मध्ये फ्रान्समधल्या ल माँ येथे ग्रां प्री शर्यत झाली. पाचशे किलोमीटरहून लांब पल्ला, आणि रस्ता असा की शर्यत चालू असताना तो उखडत गेला, गाड्यांच्या चाकांखालून दगड गोळीसारखे उडत होते. सरावातल्या अपघातात जिमी मर्फी या अमेरिकी चालकाच्या बरगड्या दुखावल्या होत्या. तो पट्ट्या बांधून गाडीत बसला. त्याच्या ड्यूसेनबर्गला चारही चाकांना द्रवाचे ब्रेक होते. वळणावर इतरांनी आधीपासून वेग कमी करावा आणि मर्फीने उशिरापर्यंत पळत राहून मग ब्रेक मारावा, असे चालले. गळका रेडिएटर आणि बसलेला टायर घेऊन तो पहिला आला. अमेरिकी चालकाने अमेरिकी गाडीतून युरोपातली ग्रां प्री जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढचा उजाडायला १९६७ साल लागले.

ज्याला थांबता येते तोच जोरात पळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ब्रेक हा वेगाचा शत्रू नसून त्याचा जामीनदार आहे. त्याच सुमारास ड्यूसेनबर्गची मॉडेल ए ही गाडी चारही चाकांच्या द्रवाच्या ब्रेकसह विक्रीला आली. पण ती श्रीमंतांची गाडी. मध्यमवर्गाच्या दारात हा ब्रेक नेला वॉल्टर ख्रायसलरने, १९२४ मध्ये. माल्कमच्या मूळ रचनेत दट्ट्यांना चामड्याच्या वाट्या होत्या आणि त्या गळत. ख्रायसलरच्या अभियंत्यांनी तिथे रबराच्या वाट्या बसवल्या आणि गळती आटोक्यात आणली. माल्कमचे मोठेपण असे की आपल्या शोधात दुसऱ्याने केलेली दुरुस्ती त्याने नाकारली नाही. पुढे कित्येक वर्षे ख्रायसलरच्या गाड्यांवर हा ब्रेक राहिला. फोर्डने मात्र सळ्यांचा हट्ट धरला तो थेट १९३९ च्या गाड्यांपर्यंत. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर महिंद्रने जोडायला घेतलेल्या जीप, नंतरच्या ॲम्बॅसिडर आणि पद्मिनी, या सगळ्या द्रवाच्याच ब्रेकवर थांबल्या.

नावाची गोष्ट

या घराण्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग मोठे चमत्कारिक होते. उच्चार लॉकहीड, पण लिहिलेले वाचायला जावे तर कुणी लॉगहेड म्हणे, कुणी आणखी काही. आपल्या देवनागरीत बोलावे तसे लिहायची सोय आहे, म्हणून ही अडचण आपल्याला गमतीची वाटते. त्या भावांना ती जन्मभर छळत होती. माल्कमने ब्रेकच्या कंपनीला नाव देताना सरळ उच्चाराप्रमाणे स्पेलिंग केले. गाड्या खपल्या तसे ते स्पेलिंग लोकांच्या डोळ्यांना सवयीचे झाले.

१९२६ मध्ये ॲलनने हॉलिवूडमध्ये पुन्हा विमानांची कंपनी काढली, तेव्हा त्याने थोरल्या भावाचे हेच स्पेलिंग उचलले. ब्रेकमुळे ते आधीच नावारूपाला आलेले होते. १९३४ मध्ये तर ॲलनने आपले आडनाव कायद्यानेच बदलून घेतले. १९३२ मध्ये अमेलिया एअरहार्ट एकटीने अटलांटिक ओलांडून गेली ती लॉकहीड व्हेगा विमानातून. कंपनी तोवर ॲलनच्या हातून गेली होती, दिवाळ्यात निघाली होती आणि लवकरच दुसऱ्यांनी ती विकत घेतली. तरी नाव टिकले. आकाशात गाजलेले हे नाव मुळात एका पेडलने कमावले होते, हे सांगायला मात्र कुणी उरले नाही.

१९३२ मध्येच माल्कमने आपली ब्रेकची कंपनी बेंडिक्स या मोठ्या उद्योगाला विकली. हाती पैसा आला, दगदग संपली. मग त्याने काय करावे? तरुणपणी रिकाम्या हाताने परत पाठवणाऱ्या डोंगरांकडे तो पुन्हा गेला. कॅलिफोर्नियात जुन्या सोन्याच्या खाणींचा मुलूख आहे, तिथल्या मोकेलम हिल या लहान गावात त्याचे उत्तरायुष्य गेले. १९५८ मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. ज्याच्या शोधावर कोट्यवधी माणसे रोज विसंबत होती, तो माणूस जवळजवळ अज्ञातवासात गेला.

तिसरा पाय

माल्कमच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या जुन्या गावाशेजारी एक नवाच खेळ रुजत होता. महायुद्धानंतर ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर तरुण मुले आपल्या घरी सजवलेल्या मोटारी घेऊन जमत. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, इशारा झाला की सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळवायच्या. याला ड्रॅग रेसिंग म्हणतात. त्याच्या अगदी पहिल्या ठरवून झालेल्या लढतींपैकी एक १९४९ मध्ये सँटा बार्बराजवळच्या गोलेटा येथे झाली. ज्या गावात लॉकहीड बंधूंनी उडत्या बोटी बांधल्या, त्याच्या शेजारीच! १९५१ मध्ये या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना झाली.

या खेळात निकाल लागतो तो सुटण्याच्या क्षणी, आणि तिथे एक पेच आहे. टायर थंड असले तर ते घसरतात. म्हणून आधी मागची चाके ओल्या जागेवर जागच्या जागी गरगर फिरवून तापवायची, की रबर चिकट होते. पण मागची चाके फिरत असताना गाडी पुढे जाता कामा नये. मग रेषेवर यायचे आणि इंजिनाचा जोर वाढवून, तरीही गाडी तसूभर न हलवता, दिव्याची वाट पाहायची. एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर. ब्रेक कोणत्या पायाने धरायचा? हँडब्रेक ओढावा तर तो बहुधा मागच्या चाकांना धरतो, आणि फिरवायची तर तीच चाके आहेत.

उपाय माल्कमच्या नळीतच होता. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीवर विजेवर चालणारी एक झडप बसवायची. ब्रेक दाबायचा, बटण दाबून धरायचे. झडप मिटते आणि पुढच्या चाकांतला दाब कोंडून राहतो. पाय काढला की मागच्या चाकांतला दाब ओसरतो. पुढची चाके जखडलेली, मागची मोकळी. दिवा हिरवा झाला की बटण सोडायचे. दाब एका क्षणात उतरतो आणि गाडी सुटते. पहिल्या झटक्यात भार मागे जातो, तापलेले टायर जमिनीला चिकटतात. याला लाइन लॉक म्हणतात. साठच्या दशकापासून हर्स्ट या अमेरिकी कंपनीने ते हौशी मंडळींच्या हाती दिले. फोर्डने २०१५ च्या मस्टँग मोटारीत ते कारखान्यातूनच घातले. लहानपणी सायकलचा पुढचा ब्रेक आवळून पॅडल मारत मागचे चाक मातीत उगाच फिरवलेले ज्यांना आठवते, त्यांना हे यंत्र वेगळे समजावून सांगायला नको.

गंमत पाहा. माल्कमने आयुष्य वेचले ते चारही चाकांना सारखा वाटा मिळावा म्हणून. या पोरांनी त्याच नळीत झडप घालून वाटणी मुद्दाम बिघडवली, दोघांना धर आणि दोघांना सोड. धावपट्टीवर ते योग्यच आहे. तिथे समोरून कुणी येत नाही, कडेला अग्निशमनाची गाडी उभी असते आणि चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते. आपल्याकडेही चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आणि लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या पट्टीवर असे खेळ रीतसर झाले आहेत. शिवाय आपल्या आजच्या बहुसंख्य लहान मोटारींत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असतो. त्यांना हे यंत्र लागतच नाही, हँडब्रेकच ते काम करतो.

प्रश्न रस्त्याचा आहे. गावातल्या एखाद्या हौशी पोराने जुनी जीप घ्यावी, कुठूनतरी ही झडप मागवावी आणि ब्रेकची नळी कापून ती बसवावी, हे आता अवघड राहिलेले नाही. त्याच्या आईवडिलांना मात्र काही गोष्टी ठाऊक असाव्यात. नळीला घातलेला प्रत्येक नवा जोड ही गळतीची आणि हवेची नवी वाट असते. ही झडप म्हणजे पार्किंगचा ब्रेक नव्हे. वेटोळे तापते, दाब हळूहळू उतरतो, आणि उतारावर भरवशाने उभी केलेली गाडी आपोआप निघते. धावत्या गाडीची पुढची चाके जखडली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे, हे तर आहेच. पण कायद्याच्या आधी पास्कलचा नियम आहे, आणि तो कुणालाच जामीन देत नाही.

घाटाखाली

भडगावची माणसे चाळीसगावावरून कन्नडचा औट्रम घाट चढून जातात, आणि कधीतरी त्याच घाटाने उतरतातही. भरलेली जीप उतरताना ड्रायव्हरचा पाय सारखा ब्रेकवर असतो. ड्रम तापतात. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात हवेतली ओल शिरलेली असते. उष्णतेने ती ओल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी फळीपर्यंत खाली जाते. म्हणून शहाणा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरतो आणि शहाणा मालक ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदलतो. त्या वळणांवर मागच्या बाकावर कुणाची तरी लेक माहेरी निघालेली असते, कुणी म्हातारे दवाखान्यातून परतत असतात. त्यांच्यातल्या कुणालाही माल्कमचे नाव माहीत नसते आणि सगळ्यांचा जीव त्याच्या नळीत असतो.

वेगाची हौस वाईट नाही. ॲलन लॉकहीड शर्यतीत मोटारी पळवत होता, आणि माल्कमच्या ब्रेकला जगाने मानले तेही एका शर्यतीमुळेच. पण त्या घरात एक भाऊ पळवणारा होता, तसा एक थांबवण्याचा विचार करणाराही होता. प्रत्येक घरात या दोन्ही वृत्ती असाव्या लागतात. धरायचे केव्हा आणि सोडायचे केव्हा, हे बटणाला कळत नाही. ते बसणाऱ्याला कळावे लागते.

गॅरेजपुढचे काम एव्हाना आटोपलेले असते. शेवटच्या निपलमधून नितळ धार येते, एकही बुडबुडा नाही. मिस्त्री हात पुसत उठतो, पोराला बाजूला सारून स्वतः सीटवर बसतो आणि पेडलवर पाय ठेवून पाहतो. पाय अर्ध्यावर टणक लागतो. तो मान हलवतो. गाडी आता जायला हरकत नाही.